नशा सुटलेल्या पेशंटचा त्रास काऊज स्केलवर (COWS, अफूसारखी नशा बंद झाल्यावरच्या त्रासाला मार्क द्यायचा तक्ता) कसा मोजायचा
पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) अफू-हेरॉइनवाला पेशंट आला की आधी त्याले मिनिटभर बसू द्या बाप्पा, मग नाडी मोजा, ८० पर्यंत शून्य, १२० च्या वर ४ मार्क. अशा एकूण ११ गोष्टी हायेत. घामाचं मात्र सांभाळा, नवतप्यात आपल्या इकडे सगळेच निथळतात, उन्हाचा घाम धरायचा नाही. डोळ्याच्या बाहुल्या, जांभया, नाक गळणं, थरथर बघा, उलटी-जुलाब मागच्या अर्ध्या तासातले विचारा. अंगावरचा काटा हात फिरवून पाहा, त्याचं नाटक करता येत नाही. बेरीज ५ ते १२ सौम्य, २४ पर्यंत मध्यम, ३६ पर्यंत बऱ्यापैकी जास्त, त्यावर गंभीर. गोळीचं डॉक्टर ठरवतील, आपण आकडा अन् टाइम लिहून ठेवायचा, थोड्या वेळानं परत मोजायचं.