घट्टा तासण्याआधी चप्पल उलटी करून बघा

साडीच्या दुकानात रोज नऊ-दहा तास काउंटरमागे उभी असते मी, त्यात डाव्या चवड्याखाली दहाच्या नाण्याएवढा पिवळट घट्टा झाला आणि मी शहाणी नवऱ्याचं ब्लेड घेऊन बसले. रक्त आलं, चार दिवस लंगडले, आणि महिन्याभरात घट्टा परत तिथ्थेच! होणारच ना, जिथे सारखा दाब पडतो, घासतं, तिथे कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, दाब तसाच ठेवून वरून कितीही तासलं तरी काय उपयोग.

म्हणून आधी रोजची चप्पल नीट बघा. माझीचा तळ एका बाजूने झिजलेला आणि आत अंगठ्यामागे खड्डा, बरोब्बर घट्ट्याच्या जागी. तीच काढून टाकली.

नवीन घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात त्यामुळे सकाळी फिट बसलेला बूट रात्री चावतो. कागदावर उभं राहून पेन्सिलने पायाची आउटलाइन काढून न्या, बूट त्यावर ठेवा, रेघ बाहेर डोकावली की बोटं चेपणार. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. "वापरून सैल होईल ताई" याला भुलू नका. कोल्हापुरीचं चामडं सैल होतं हे खरं, पण तळ कडकच राहतो, लग्नाला घाला, ड्युटीला नको.

जोडवी बंद बुटात शेजारच्या बोटाला रुततात, मी कामाला जाताना काढूनच ठेवते, सासूबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे. घरात ओट्यापाशी मऊ स्लीपर घाला, फरशी फार कडक असते. आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडावर काळा घट्टा असेल तर तो मांडी घालून बसल्याचा, खाली जाड आसन घ्या.

आता घासणं. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग वजरीने हलक्या हाताने, आठवड्यातून दोन-तीनदाच, एका दिवसात सगळा काढायचा नाही, चुरचुरलं की थांबा. पुसून रात्री 10 ते 20 टक्के युरियावालं क्रीम आणि वर सुती मोजे. बोटांच्या बेचक्यात क्रीम नको, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

मधे टणक खिळ्यासारखं असेल आणि सरळ दाबल्यावर कळ येत असेल तर ते बहुतेक कुरूप. चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं, आत काळे ठिपके दिसतात, तर चामखीळ असू शकते, ती घासत बसू नका, पसरते. कुरुपाच्या पट्टीत बहुतेक सॅलिसिलिक ॲसिड असतं, ती इकडेतिकडे सरकली तर चांगली कातडीही पांढरी पडून सोलते.

शुगर असेल तर मात्र ब्लेड, पट्टी, गरम पाणी यातलं काहीच घरी करायचं नाही. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग घट्ट्याखाली जखम होते आणि कळतही नाही. डॉक्टरांना विचारून एमसीआर म्हणजे मऊ स्पंजी रबराच्या तळाची चप्पल घ्या. आमच्या सासूबाई रोज रात्री पलंगावर बसून हातआरशात तळपाय बघतात, घट्ट्यात लाल-काळा डाग दिसला, पाणी आलं किंवा आजूबाजूला गरम लागलं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर नाही.