लहान मुलांसाठी शैक्षणिक हँडहेल्ड गेम घेताना या चुका टाळा

नाशिकमध्ये बालवर्ग चालवताना दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर पालक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: मुलाच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, पण काहीतरी शिकवणारा हातातला गेम घ्यायचा आहे, तर तो कोणता घ्यावा? प्रश्न योग्य आहे. ठळक बटणांचा, इंटरनेट नसलेला, अक्षरे, अंक आणि आकार यांचे खेळ असलेला गेम तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मोबाइलपेक्षा निश्चितच बरा. मात्र हा प्रश्न बहुतेक वेळा खरेदी झाल्यानंतर माझ्यापर्यंत येतो, आणि तेव्हा काय चुकले एवढेच सांगणे माझ्या हाती उरते. त्या चुकाही फार वेगवेगळ्या नसतात.

पुढेही पुरेल म्हणून मोठ्या वयाचा गेम घेणे

गणवेश घेताना तो थोडा वाढत्या अंगाचा घ्यावा, ही आपली जुनी आणि शहाणपणाची सवय आहे. पण तीच सवय शिकण्याच्या साधनाला लावली की साधन वाया जाते. साडेतीन वर्षांच्या मुलाला सहा ते आठ वर्षांसाठीचा गेम दिला, तर पडद्यावरच्या लेखी सूचना त्याला वाचता येत नाहीत, उलटी मोजणी सुरू झाली की तो घाबरतो आणि शेवटी हाताला लागेल ते बटण दाबत राहतो. वर्षभराने तो गेम त्याच्या वयाचा होतो खरा, पण तोवर ‘हे मला येत नाही’ अशी त्याची खूणगाठ बांधली गेलेली असते आणि ती सुटता सुटत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खोक्यावरचा ‘३+’ हा आकडा बहुधा सुरक्षिततेविषयी असतो. सुटणारे लहान भाग तोंडात घालण्याचे वय उलटले आहे, एवढाच त्याचा अर्थ. आतील खेळ तीन वर्षांच्या मुलाला झेपतील, अशी हमी त्यात नसते. शिकण्याचे वय वेगळे छापलेले असेल तर ते पाहावे, आणि नसेल तर गेम सुरू करून सूचना बोलून दिल्या जातात का, त्या पुन्हा ऐकता येतात का आणि वेळेचे बंधन बंद करता येते का, हे तपासावे. मी स्वतः आणखी एक कसोटी लावते: मोठ्या माणसाने काहीही न समजावता मुलाला पहिला खेळ थोड्या वेळात कळला पाहिजे. तो कळला नाही, तर मी तो गेम बाजूला ठेवते.

मुलाचा हातही पाहावा. तीन वर्षांचे मूल गेम दोन्ही मुठींत धरते आणि त्याचे अंगठे मधल्या बटणांपर्यंत पोहोचत नाहीत. काही गेमच्या पडद्यावर पेनाने किंवा नखाने दाब द्यावा लागतो, तर काहींवर बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. दाब लागणाऱ्या पडद्यावर लहान बोट कमी पडते, आणि पालकांना वाटते की मुलाला उत्तर येत नाही.

चुकीच्या उत्तरावर काय होते, हे न पाहणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि तिच्याकडे कोणीही लक्ष देत नाही, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

आमच्या मोठ्या शिशूतील एका मुलीचे आईवडील अभिमानाने सांगत होते की तिने गेममधील अक्षरओळखीच्या सर्व पायऱ्या पूर्ण केल्या आहेत. वर्गात मात्र तिला जेमतेम चार-पाच अक्षरे ओळखता येत होती. मी त्यांना गेम घेऊन यायला सांगितले आणि तिच्या शेजारी बसून नुसते पाहत राहिले. योग्य उत्तर दिले की गेममधून ‘व्हेरी गुड’ एवढेच ऐकू येत होते. चुकीचे उत्तर दिले की हत्ती सोंड उंचावून ओरडत होता आणि धपकन पाण्यात पडत होता. मुलगी अतिशय मन लावून चुकीचे उत्तर शोधत होती. हत्ती पाहून समाधान झाले की तीन पर्यायांवर एकामागून एक बोट ठेवत ती पुढच्या चित्राकडे जात होती आणि गेम तिला पूर्ण तारे देत होता. पालक रोज तारे मोजत होते. तिच्या शेजारी बसून खेळ पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

त्या मुलीची यात काहीच चूक नव्हती. तीन पर्यायांपैकी कोणताही डोळे मिटून निवडला तरी सरासरी तीनातून एकदा उत्तर बरोबर येते, आणि पुन्हा पुन्हा दाबण्याची मुभा असेल तर ते नेहमीच बरोबर येते. चांगल्या गेममध्ये चुकीच्या उत्तराचा आवाज साधा आणि सौम्य असतो, दोनदा चुकल्यावर योग्य उत्तर दाखवले जाते आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. म्हणून मेन रोडवर असो की कॉलेज रोडवर, दुकानात गेम हाती आला की मी आधी मुद्दाम चुकीची उत्तरे देते, आणि तीही सलग. दुकानदार खोके उघडून गेम सुरू करून दाखवायला तयार नसेल, तर मी तेथून खरेदी करत नाही. ‘ऑनलाइन स्वस्त मिळाला’ असे म्हणत न पाहता मागवणाऱ्या पालकांना ही तपासणी करताच येत नाही, आणि वाचलेल्या दोनशे-तीनशे रुपयांसाठी मुलाचे सहा महिने खर्ची पडतात, हे मला मनापासून खटकते.

अक्षर गिरवण्याच्या खेळांतही हीच तपासणी करावी. अनेक गेम रेघ कोठून सुरू झाली हे पाहतच नाहीत. ‘क’ खालून वर काढला तरी शाबासकी देतात. असे वळण एकदा हाताला बसले की वर्गात ते मोडून काढायला फार वेळ लागतो.

परदेशातून आलेला गेम आणि आतील खेळांचा पुरवठा

गेम घेताना वस्तू पाहिली जाते, पण तिच्यात पुढे नवे खेळ कोठून येणार हे पाहिले जात नाही. लीपफ्रॉग या अमेरिकी शैक्षणिक खेळणी कंपनीचा २००३ साली आलेला लीपस्टर हा हातातला गेम कार्ट्रिजवर, म्हणजे खेळ साठवलेल्या आणि गेममध्ये खोचायच्या छोट्या डब्यांवर, चालत असे. २०१० साली आलेल्या लीपस्टर एक्सप्लोररमध्ये त्या जुन्या कार्ट्रिज चालत नव्हत्या. २०११ साली लीपपॅड हा मुलांचा टॅबलेट आला आणि खेळ संगणकावरून उतरवून घेण्याची पद्धत रुळत गेली, तर २०१६ साली ती कंपनीच व्हीटेक या दुसऱ्या खेळणी कंपनीने विकत घेतली. म्हणजे नाव ओळखीचे असले, तरी कपाटातून काढलेल्या जुन्या गेमला आज नवे खेळ मिळतील असे गृहीत धरता येत नाही.

आमच्याकडच्या एका मुलासाठी त्याच्या आत्याने अमेरिकेहून मोठ्या हौसेने असाच एक गेम आणला होता. पहिल्याच संध्याकाळी आजोबांनी त्याचा अडॅप्टर घरच्या प्लगमध्ये लावला आणि तो जळाला, कारण त्यावर इनपुट १२० व्होल्ट असे छापलेले होते आणि आपल्या घरी २३० व्होल्टचा पुरवठा असतो. नंतर सेल घालून गेम सुरू झाला, तर नवे खेळ घेण्यासाठी त्या देशातील खाते आणि तेथीलच बँकेचे कार्ड लागते असे कळले. वडिलांनी महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत कार्ट्रिज शोधल्या. त्या मिळाल्या नाहीत. उरले ते आतलेच दोन खेळ. त्यांपैकी एका खेळात सेंट, डाइम आणि क्वार्टर ही अमेरिकी नाणी ओळखायची होती. मुलाने ती ओळखलीही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात हातात आलेले दोन आणि पाच रुपयांचे नाणे त्याला वेगळे सांगता येईना. आत्याच्या प्रेमात काही कमी नव्हते, पण एवढा खर्च करण्याआधी कोणी तिला एक फोन केला असता तर बरे झाले असते.

परदेशातून कोणी काही आणणार असेल, तर अडॅप्टरवर इनपुट ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले आहे याची खात्री करून घ्यावी आणि पुरेसे खेळ आतच असलेला, खात्याशिवाय चालणारा गेम मागवावा. मी तर पालकांना सांगते की आधी आतील खेळांची यादी मागा आणि मगच रंग पाहा.

येथल्या बाजारात मिळणाऱ्या बोलक्या टॅबलेटमध्ये अडचण वेगळी असते. त्यांत बहुधा इंग्रजी आणि हिंदी असते, आणि हिंदी वर्णमालेत ‘ळ’ नसतो. घरी फळा, बाळ, सकाळ म्हणणाऱ्या मुलाला तो टॅबलेट त्याच्या भाषेतील एक अक्षर कधीच दाखवणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे, आणि शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या राष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये याच वयासाठी आणलेल्या ‘जादुई पिटारा’ या साहित्यसंचात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते आणि गोष्टींची पुस्तके आहेत. मराठी गेम मिळत नसेल, तर अक्षरओळख पाटीवर करून घ्यावी आणि गेम आकार, रंग, जोड्या लावणे व मोजणी यांपुरता ठेवावा. मी हेच करते आणि मला त्यात कोणतीही उणीव वाटत नाही.

बटण सेल आणि आयएसआय चिन्ह

या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. बोलकी पुस्तके, छोटे गेम आणि रिमोटसारखी खेळणी यांत बटणासारखे चपटे सेल असतात. सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर तेथील ओलाव्यातून वीज वाहते, अल्कली हा दाहक पदार्थ तयार होतो आणि दोन तासांच्या आत खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. खेळणे चालवू न शकणारा, संपलेला सेलही ही इजा करू शकतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता त्याला ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. खरेदी करताना सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे पाहावे; नखाने उघडणारे झाकण असलेला गेम घरात आणू नये. तो स्क्रू हरवल्यावर चिकटपट्टी लावून काम भागवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि हा आळस मला अजिबात मान्य नाही.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक लागू आहे. चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. शालिमार आणि रविवार कारंजा परिसरातील गर्दीत घाईने घेतलेल्या वस्तूवर हे चिन्ह आहे की नाही, हे घरी गेल्यावर पाहण्यात अर्थ नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

‘चारशे खेळ’ असे लिहिलेला स्वस्त गेम शैक्षणिक नसतो; त्यात मुख्यतः जुने उड्या मारण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे खेळ असतात.

आवाज कमी करण्याची सोय नसलेला गेम घेऊ नये. मुले तो कानाजवळ धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल अशी आहे.

नोंदणी करताना मुलाचे खरे नाव, जन्मतारीख आणि छायाचित्र देऊ नये. २०१५ साली व्हीटेकच्या यंत्रणेतून सुमारे ४८ लाख पालकांच्या खात्यांची आणि ६० लाखांहून अधिक मुलांच्या प्रोफाइलची माहिती चोरीला गेली होती. मी टोपणनाव आणि केवळ वर्ष देते.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरातील सर्व पडदे मिळून एक तासाची कमाल मर्यादा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितली आहे. टीव्ही आणि मोबाइल यांचा वेळ त्यातून वजा केल्यावर गेमला वीस मिनिटेही पुष्कळ होतात, आणि तेवढा वेळ शेजारी बसायला घरातील कोणीतरी मोकळे असलेच पाहिजे.

गेम बिघडला असे वाटते तेव्हा

दुरुस्तीला आलेले बरेचसे गेम बिघडलेले नसतात; त्यांचे सेल उतरलेले असतात. आवाज घोगरा झाला, पडदा मंदावला किंवा गेम मध्येच बंद पडू लागला, की सर्व सेल एकदम बदलावेत; जुने आणि नवे एकत्र घालू नयेत. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ व्होल्टचे, त्यामुळे चार्ज होणारे सेल घातल्यावर काही गेम ‘बॅटरी कमी’ अशी सूचना लवकर देतात. तो दोष नाही. गेम अडकून बसला, तर सेल काढून काही मिनिटांनी परत घालावेत. बोट एका ठिकाणी आणि खूण दुसऱ्या ठिकाणी उमटत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे कॅलिब्रेशन करावे, म्हणजे बोटाची जागा आणि खूण पुन्हा जुळवून घ्यावी. कार्ट्रिज वाचली जात नसेल, तर फुंकर मारू नये, कारण तोंडातील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

सुट्टी संपल्यावर सेल आतच ठेवून गेम माळ्यावर टाकणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त घरांत होणारी चूक आहे. काही महिन्यांनी अल्कलाइन सेल गळतात, पांढरी पूड साचते आणि स्प्रिंग खराब होतात. पूड थोडी असेल, तर हातमोजे घालून, व्हिनेगरचा थेंब लावलेल्या काडीने ती साफ करावी, मुलांना तोवर दूर ठेवावे आणि जागा कोरडी झाल्यावरच नवे सेल घालावेत; स्प्रिंगच तुटली असेल, तर मेन रोडच्या आसपास रेडिओ-घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर ती बसवून देतात.