थेरपी करता करता ट्रॉमावर संशोधन करायचं असेल तर

माझ्याकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेसवर मार्गदर्शन घ्यायला, येणारे बहुतेक थेरपिस्ट पुण्यातच प्रॅक्टिस करतात, कुणी कर्वे रोडला, कुणी हडपसरला. पीएचडी डोक्यात आली की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, सॅम्पल किती घेऊ?" म्हणजे अभ्यासात किती माणसं घेऊ. ते नंतर. आधी सांगा, गेल्या वर्षभरात तुमच्या खोलीतल्या कोणत्या प्रश्नाने तुम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही?

"बालपणीच्या आघाताचा आरोग्यावर परिणाम" असला विषय घेऊ नका. फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या हजारो लोकांच्या माहितीवरून ते दाखवलं आहे. "घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या बायका तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर येणं का थांबवतात?" हा प्रश्न बघा. तो तुमचा आहे, आणि त्याचं उत्तर उद्याच्या सेशनला उपयोगी पडेल.

दिवसभर क्लायंट बघणाऱ्याला शंभर-दोनशे माणसं कुठून मिळणार? त्यापेक्षा सिंगल-केस डिझाइन शिका. यात प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. थेरपीआधी त्रासाची निदान तीन मोजमापं लागतात, मी पाचाचा आग्रह धरते. तीन जणांची थेरपी वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करा. प्रत्येकाचा स्कोअर थेरपी सुरू झाल्यावरच उतरू लागला, तर "काळ गेला म्हणून बरं वाटलं" हा आक्षेप बराच लंगडा पडतो. पण आलेख छान दिसावा म्हणून त्रासात असलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. वेटिंग लिस्टवर असलेल्यांनाच विचारा, आणि त्या काळात दर आठवड्याला फोन करा.

मोजायला पीसीएल-५ ही पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या त्रासाची, प्रश्नावली सोयीची: वीस प्रश्न, स्कोअर ० ते ८०, आणि मोफत. तिचं एक रूप गेल्या महिन्याबद्दल विचारतं, एक गेल्या आठवड्याबद्दल. दर आठवड्याला मोजणार असाल तर आठवड्याचंच घ्या. कॉम्प्लेक्स पीटीएसडी (ज्यात भावना, स्वतःविषयीची प्रतिमा आणि नातीही बिघडतात) बघायचा असेल तर आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीवर बेतलेली आयटीक्यू ही प्रश्नावली वापरा.

आता पुण्याची गोष्ट. पीसीएल-५ चे शेवटचे काही प्रश्न सतत सावध राहणं, दचकणं आणि झोप न लागणं यांबद्दल आहेत. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. लक्ष्मी रोडच्या आसपास राहणाऱ्या, स्फोटातून किंवा मारहाणीतून वाचलेल्या माणसाचे हे आकडे त्या काळात चढू शकतात आणि विसर्जनानंतर आपोआप उतरू शकतात. नेमकी तेव्हाच थेरपी सुरू केलीत तर फुकटचं श्रेय तुमच्या पदरात पडेल. म्हणून प्रत्येक स्कोअरशेजारी तारीख आणि त्या आठवड्यात काय घडलं ते लिहा. दिवाळीतल्या फटाक्यांचंही तेच.

मला सगळ्यात जास्त काळजी असते ती संमतीची. ज्या माणसाचं "नाही" कुणी ऐकलं नाही, त्याला आपल्या अभ्यासात तरी "नाही" म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे भीड आड येते, "मॅडमनी एवढं केलं माझ्यासाठी, नाही कसं म्हणू?" म्हणून संमती तुम्ही स्वतः घेऊ नका, थेरपीशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला घ्यायला सांगा. पेन पुढे करण्याआधी त्याने हे म्हणायचं: "ताई, नकार दिलात तरी तुमची थेरपी, फी, वेळ यांत काही बदलणार नाही. घरी जाऊन विचार करा, पुढच्या आठवड्यात सांगा." संशोधनासाठी मुलाखत घेणार असाल तर बसायची जागा त्या ताईलाच निवडू द्या. कोणता प्रश्न सोडायचा, कधी थांबायचं, हे तीच ठरवेल. आणि घटनेचा तपशील तुमच्या प्रश्नाला लागत नसेल तर विचारूच नका.

गोपनीयतेची मर्यादाही आधीच सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. संमतीपत्रात हे साध्या मराठीत हवंच.

कागदपत्रांचं थोडक्यात: आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, अर्ज करा, मंजुरी येईपर्यंत एकही फॉर्म भरून घेऊ नका. उपचाराची चाचणी असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत नोंदणी करा. पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं लागतात. क्लिनिकचे तास कमी करायची तयारी असेल तरच प्रवेश घ्या.

मुलाखती रात्री एकटीने हेडफोन लावून टाइप करत बसू नका. दिवसा करा, थोड्या थोड्या करा, आणि त्याच आठवड्यात सुपरव्हिजनची वेळ घेऊन ठेवा. ही वेळ आणि तिचा खर्च प्रस्तावातच लिहा, म्हणजे गाइड आणि कमिटी दोघांनाही तो अभ्यासाचाच भाग म्हणून मंजूर करावा लागेल.