टेप लायब्ररीत नव्या टेप घालताय? आधी बारकोडची अक्षरं सहा की आठ ते बघा

नागपुरात मिहानात किंवा परसोडीच्या आयटी पार्कात बॅकअपच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. एलटीओ (बॅकअपच्या टेपचा प्रकार), बॅक्युला (बॅकअपचं सॉफ्टवेअर), पूल (त्यातले टेपचे गट) हे माहीत आहे असं धरतो. लायब्ररी म्हणजे टेप स्लॉटमध्ये ठेवणारं आणि आपोआप ड्राइव्हमध्ये घालणारं यंत्र.

मे महिन्यात कुरियरनं आलेला टेपचा खोका फोडून लगेच लायब्ररीत घालू नका. नागपुरात बाहेर 45 अंश असतात, उन्हात उभ्या गाडीत त्याहूनही जास्त. टेप वेष्टनासकट 24 तास सर्व्हर रूममध्ये राहू द्या. हातातून पडलेली टेप बाजूला काढा. आतली लीडर पिन (ड्राइव्ह जिला धरून टेप ओढतो ती) सरकलेली असली तर ड्राइव्हमध्ये अडकते आणि एका टेपपायी ड्राइव्ह बसतो.

बारकोडचा स्टिकर टेपवरच्या खाचेतच आणि सरळ बसला पाहिजे. जुन्यावर नवा चिकटवू नका, जुना पूर्ण काढा. ऑफिसच्या प्रिंटरवर बारकोड छापून पैसे वाचवणं मला अजिबात पटत नाही. कडा सुटल्या की टेप मॅगझिनमध्ये (टेप ठेवायच्या ट्रेमध्ये) अडकते. बारकोडची पहिली 6 अक्षरं तुमची, शेवटची 2 टेपच्या पिढीची: एलटीओ-8 असेल तर एल8, एलटीओ-9 असेल तर एल9. क्लीनिंग टेपचं नाव सीएलएनपासून सुरू होतं. हे चुकवलंत तर सॉफ्टवेअर तिला डेटाची टेप समजतं.

आता खरा सापळा. लायब्ररीच्या वेब पॅनेलवर एक सेटिंग असतं: बारकोडची 6 अक्षरं कळवायची की 8. फर्मवेअर अपडेट किंवा रीसेटनंतर ते बदललेलं असू शकतं. समजा टेपवर एनजीपी101एल8 आहे आणि कॅटलॉगमध्येही (बॅक्युलाच्या नोंदवहीतही) तेच आहे. सेटिंग 6 वर गेलं की लायब्ररी नुसतं एनजीपी101 सांगते. ‘अपडेट स्लॉट्स’ (कुठल्या स्लॉटमध्ये कुठली टेप ते बघायची आज्ञा) दिल्यावर बॅक्युला म्हणतो, या नावाची नोंद कॅटलॉगमध्ये नाही. टेप भरलेली आहे, पण नवी वाटते. मग माणूस ‘लेबल बारकोड्स’ (बारकोडचं नाव टेपवर लेबल म्हणून लिहायची आज्ञा) चालवतो. बॅक्युला टेपच्या सुरुवातीला लिहिलेलं जुनं लेबल वाचतो आणि 3920 ही एरर देऊन नकार देतो. घाबरू नका, इथपर्यंत डेटा शाबूत आहे. घात पुढे होतो. कुणीतरी सीनियर सांगतो, ‘रिवाइंड कर आणि डब्ल्यूईओएफ (टेपवर खूण लिहायची आज्ञा) मार, लेबल होईल.’ लेबल होतं खरं, पण टेपच्या सुरुवातीलाच शेवटाची खूण बसते आणि ड्राइव्ह त्यापुढचं काही वाचत नाही. बॅकअप गेला. अशा सल्ल्यावर विश्वास ठेवू नका, मग सांगणारा कितीही वर्षं या कामात असो.

म्हणून टेप घालण्याआधी ‘एमटीएक्स स्टेटस’ या आज्ञेत लायब्ररी सांगते तो व्हॉल्यूम टॅग आणि बॅक्युलाच्या ‘लिस्ट व्हॉल्यूम्स’मधलं नाव शेजारी ठेवून अक्षरं मोजा. जुळत नसतील तर सेटिंग पूर्ववत करा, लायब्ररीची इन्व्हेंटरी घ्या आणि पुन्हा अपडेट स्लॉट्स द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं.

जुळलं की नव्या टेप मेल स्लॉटमधून (बाहेरून टेप घालायच्या कप्प्यातून) आत घ्या, अपडेट स्लॉट्स द्या आणि ‘लेबल बारकोड्स’ला फक्त नव्या स्लॉटचे आकडे द्या, पूल स्क्रॅच (रिकाम्या टेपचा गट) निवडा. आकडे न देता चालवलंत तर बॅक्युला सगळे स्लॉट धुंडाळत बसतो आणि ड्राइव्ह अडकून पडतो. रात्रीचे जॉब सुरू असताना तर हे करूच नका.

एलटीओ-9ची कोरी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की स्वतःला जुळवून घेते. त्याला कधी कधी 2 तास लागतात. टाइमआउट दिसला म्हणून ती ओढून बाहेर काढू नका. ते पूर्ण होऊ द्या, मग लेबल करा.