फ्री लंचचा आकडा बघून शाळेवर फुली मारण्याआधी

अमेरिकेत घर शोधायला लागलात की कुणीतरी सांगणारच, "त्या शाळेत निम्मी मुलं फ्री लंचवाली आहेत, तिकडे नका जाऊ." गरिबीचं माप म्हणून इथे हाच आकडा सर्रास वापरतात. तो येतो कुठून ते आधी बघा.

केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ४० सेंट. २०२५-२६ साठी चौघांच्या घराला बहुतेक राज्यांत या मर्यादा वर्षाला ४१,७९५ आणि ५९,४७८ डॉलर आहेत. तीस हजारांच्या स्टायपेंडवर बायको-मुलासह राहणारा आपला पीएचडीवालाही यात बसतो! युनिव्हर्सिटीच्या फॅमिली हाउसिंगजवळच्या शाळेचा आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या.

खरा घोळ मोजणीत आहे. २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना घरोघरचा उत्पन्नाचा फॉर्म न भरून घेता सगळ्यांनाच फुकट जेवू घालायची मुभा दिली. त्यासाठी फूड स्टॅम्पसारख्या (गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) योजनांतून, फॉर्मशिवाय थेट पात्र ठरलेली मुलं आधी किमान ४० टक्के लागायची, २०२३ पासून २५ टक्के पुरतात. अशी शाळा काही ठिकाणी कागदावर १०० टक्के 'गरीब' दिसते. कॅलिफोर्निया, मिनेसोटासारखी राज्यं तर सरसकट सगळ्याच मुलांना जेवण देतात, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी देताना कुणी उत्पन्न विचारत नाही तसंच. काही राज्यं आता फक्त थेट पात्र मुलं मोजतात. पण एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (शिक्षणाच्या) व्हिसावर आलेल्यांना फूड स्टॅम्प मिळत नाहीत, त्यामुळे ती घरं बहुतेकदा त्या मोजणीतून निसटतात. हायस्कूलची बरीच मुलं लाजेपोटी फॉर्म घरी आणतच नाहीत, ती गळती वेगळीच. म्हणून एका राज्यातली शाळा दुसऱ्या राज्यातल्या शाळेशी किंवा प्राथमिक शाळा हायस्कूलशी या आकड्यावरून ताडून बघू नका. शाळा सगळ्यांना फुकट जेवण देते का, एवढं स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसात विचारलंत तरी बराच उलगडा होतो.

आता तुमच्या स्वतःच्या फॉर्मबद्दल. लेऑफ झाला तर वर्षाच्या मध्यातही भरता येतो. आजचं उत्पन्न लिहायचं, करापूर्वीचं. व्हिसा विचारत नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबरचे (इथला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चार आकडे मागतात, नंबर नसेल तर तशी चौकट असते, तिथे खूण करा. एका घराला एकच फॉर्म, पण दरवर्षी नवा.

पोरांना कळेल, चिडवतील, ही भीती नको. रांगेच्या शेवटी मूल कीपॅडवर आपला पिन दाबतं आणि ट्रे घेऊन पुढे जातं. पैसे कोण भरतं ते शेजारच्याला दिसू नये असा नियमच आहे. शाकाहारी असाल तर मात्र महिन्याचा मेनू घरी बघून ठेवा, पिझ्झावरची पेपरोनी म्हणजे मांसाचे काप, हे मुलाला आधीच सांगा. ट्रेमध्ये एक फळ किंवा भाजी घ्यावीच लागते, नाहीतर काउंटरवरच्या बाई परत पाठवतात.