सॉफ्टनर बिघडला की विहिरीचे पाणी बदलले? तपासणी आणि दुरुस्तीची पद्धत

कोकणात सगळीकडेच पाणी जड असते असे नाही. जांभ्याच्या सड्यावरील विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते. मात्र किनाऱ्यालगतच्या वाड्यांत, पुळणीच्या वाळूत खोदलेल्या विहिरींत शिंपल्यांच्या चुऱ्यातून चुना उतरतो, खोल बोअरवेलच्या पाण्यात कातळातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येते, आणि एप्रिल-मे महिन्यांत उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. ऑगस्टमध्ये उत्तम चालणारा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र, मे महिन्यात ‘बिघडतो’, तो पुष्कळदा या कारणाने. त्यामुळे पाना हातात घेण्यापूर्वी यंत्र बिघडले आहे की पाणी बदलले आहे, हे ठरवणे अत्यंत आवश्यक आहे.

ते ठरवण्यासाठी थेंब टाकून जडपणा मोजण्याचे साधे टेस्ट किट पुरते. पाण्यात रंगद्रव्य टाकल्यावर ते वाइनसारखे लालसर होते आणि दुसऱ्या बाटलीतील थेंब मोजत टाकल्यावर निळे होते. थेंबांच्या संख्येवरून जडपणा कळतो. विहिरीचे पाणी आणि सॉफ्टनरमधून नुकतेच बाहेर पडलेले पाणी, दोन्ही मोजावे. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नये, कारण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो व त्याबदल्यात सोडियम सोडतो, म्हणून मीटरचा आकडा जवळपास तोच राहतो. केवळ तो आकडा उतरत नाही म्हणून चांगले रेझिन (जडपणा धरून ठेवणारे टाकीतील बारीक दाणे) फेकून दिले जाते, हे खरोखर वाईट आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकानुसार (2012) जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो, एवढी मोजपट्टी मनात ठेवावी.

त्यानंतर थोडा हिशेब करावा. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण 50 ग्रॅम जडपणा धरते. टाकीत 25 लिटर रेझिन असेल तर एकूण क्षमता 1250 ग्रॅम होते. विहिरीच्या पाण्याचा जडपणा 500 असताना तेवढ्यात 2500 लिटर पाणी मृदू होते, आणि जडपणा 800 वर गेला तर सुमारे 1550 लिटरच. रोज 600 लिटर वापरणाऱ्या घरात पहिल्या स्थितीत चौथ्या दिवशी रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने धुऊन रेझिन पुन्हा ताजे करणे) करावे लागेल, दुसऱ्या स्थितीत दोन दिवसांनी. टायमर पावसाळ्यातील हिशेबावरच ठेवलेला असेल, तर दुरुस्ती म्हणजे केवळ टायमरची वेळ बदलणे. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत टायमरचे घड्याळ मागे पडून रिजनरेशन भर सकाळी, नळ चालू असताना सुरू होते आणि तेवढा वेळ जड पाणीच घरात येते. तेही याच वेळी तपासावे. पाणी चवीला मचूळ लागत असेल तर आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी: त्यातील सोडियम रेझिनच्या कामात अडथळा आणतो, त्यामुळे यंत्र ठणठणीत असूनही थोडा जडपणा पुढे येतोच.

हिशेब जुळत असूनही सॉफ्टनरमधून बाहेर पडणारे पाणी जड येत असेल, तर सर्वप्रथम बायपासचा, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी थेट घरात नेणारा, व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे की नाही ते पाहावे. मग मिठाच्या टाकीकडे वळावे. पावसाळ्यातील दमट हवेत मिठाचा वर कडक थर बनतो आणि खाली पोकळी राहते. वरून टाकी भरलेली दिसते, पण पाण्याला मीठ लागतच नाही. लाकडी काठीने हलक्या हाताने थर फोडावा, लोखंडी पहार वापरू नये. मीठ कोणते वापरतो यालाही महत्त्व आहे. मिठागरातील कच्चे मीठ स्वस्त मिळते, परंतु त्यात चिखल असतो आणि मॅग्नेशियमचे क्षारही असतात. चिखल मिठाचे पाणी ओढणारा इंजेक्टर तुंबवतो आणि मॅग्नेशियम तर सॉफ्टनरला काढायचा असलेलाच पदार्थ आहे. शुद्ध केलेले जाडे मीठ किंवा गोळ्यांचे मीठच घ्यावे.

यानंतर मिठाच्या पाण्याची ओढ तपासावी, कारण माझ्या मते कोकणातील बैठ्या घरांत खरी अडचण बहुतेक वेळा इथेच असते. रिजनरेशनच्या वेळी मिठाचे पाणी पंपाने ओढले जात नाही. इंजेक्टरच्या बारीक छिद्रातून पाणी वेगाने गेल्यामुळे ते खेचले जाते. त्यासाठी साधारण 1.5 ते 2 बार दाब लागतो. छपरावरच्या टाकीतून मात्र दर मीटर उंचीला जेमतेम 0.1 बार दाब मिळतो, म्हणजे 4 मीटर उंचीच्या टाकीखाली बसवलेला सॉफ्टनर मीठ ओढणारच नाही, मग तो कितीही नवा असो. असे यंत्र पंपाच्या लाइनवर, टाकीच्या आधी बसवावे किंवा त्याला छोटा प्रेशर पंप जोडावा. दाब पुरेसा असल्यास रिजनरेशन चालू असताना मिठाच्या नळीचे टोक सोडवून त्यावर अंगठा ठेवावा. ओढ जाणवली नाही तर पंप बंद करून, दाब सोडून इंजेक्टर काढावा, कोमट पाण्यात ब्रशने धुवावा आणि छिद्रात तार न घालता फुंकर मारून ते मोकळे करावे. नळीचा जोड सैल असेल तर हवा शिरते व ओढ जाते. ओ-रिंग (जोडातील रबरी कडी) बदलून, सिलिकॉन ग्रीस लावून जोड घट्ट करावा.

हाताने फिरवायच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचे (पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचे) हँडल पंप चालू असताना कधीही फिरवू नये. आतले रबरी गॅस्केट दाबाखाली निसटते किंवा फाटते आणि मग जड पाणी गळून मृदू पाण्यात मिसळते. ड्रेनच्या पाइपमधून नेहमीच्या वापरातही पाणी टिपकत असेल तर हाच दोष समजावा.

जांभ्यातून येणारे लोह असलेल्या पाण्यात रेझिन तांबूस होऊन थकते. एकदा नेहमीचे रिजनरेशन करून मग 10 लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक आम्ल विरघळवून ते रेझिनमध्ये काही तास मुरू द्यावे, आंबटपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावे आणि पुन्हा मिठाने रिजनरेशन करावे. याने फरक पडला नाही, किंवा नळातून बारीक सोनेरी दाणे येऊ लागले, तर टाकी उघडणे अपरिहार्य आहे. दाणे येणे म्हणजे तळाची जाळी फुटलेली असते; ती न बदलता नवे रेझिन भरणे व्यर्थ आहे. रेझिन भरताना मधल्या पाइपचे तोंड टेपने बंद करावे, तळाशी थोडे पाणी ठेवावे, आणि बॅकवॉशमध्ये (खालून वर उलटे पाणी सोडून धुताना) थर फुगतो म्हणून टाकीचा वरचा तिसरा हिस्सा तरी रिकामा ठेवावा. 25 लिटर रेझिनला एका वेळी सुमारे 3 किलो मीठ पुरते.

काम झाल्यावर पाणी पुन्हा मोजावे. 500 जडपणाचे पाणी पूर्ण मृदू केल्यावर लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतो, म्हणून स्वयंपाकघरातील पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवणे बरे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय मृदू केलेले पाणी देऊ नये. रिजनरेशनचे खारे सांडपाणी मात्र पोफळी, केळी किंवा भाजीच्या वाफ्यांत सोडू नये, आणि विहिरीच्या जवळ तर मुळीच नको. ते मुरून पुन्हा त्याच विहिरीत येते.