हार्टवाल्यांच्या पिशवीतली हिरवी कॅप्सूल

अमळनेरला माझं औषधांचं दुकान आहे. सुरतेला नाहीतर नाशिकला अँजिओप्लास्टी करून माणूस घरी आला, की चार-आठ दिवसांत त्याचा मुलगा काउंटरवर येतो. चिठ्ठीतली औषधं घेतो आणि वर हळूच म्हणतो, "भाऊ, ताकदन्या गोया बी द्या." कोणीतरी सांगितलेलं असतं की व्हिटॅमिन ई आणि सी घेतलं की शिरा साफ राहतात. गिऱ्हाईक परत पाठवणं धंद्याला परवडत नाही, तरी या बाबतीत मी पाठवतो. घरी काय करायचं ते सांगतो.

आधी पिशवी पलंगावर रिकामी करा. डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी ठेवा आणि एकेक स्ट्रिप तिच्याशी जुळवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, या एका बाजूला. यातली एकही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. जाळी बसवल्यावर क्लोपिडोग्रेल मध्येच सोडलं तर जाळीतच गुठळी होऊ शकते.

चिठ्ठीत नसलेलं जे उरेल ते दुसऱ्या बाजूला. त्यात बहुतेक वेळा ती मऊ हिरवी कॅप्सूल निघते. डबीवर बघा: व्हिटॅमिन ई 400 मिलिग्रॅम. माणसाची दिवसाची गरज साधारण 15 मिलिग्रॅमची. केळीचं पान पिवळं पडलं म्हणून माती न तपासता खताचं पोतं ओतावं, तसला हा प्रकार.

कल्पना मात्र वेडगळ नव्हती, हे मान्य करायला हवं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शिरेच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ होतं, तिथे सूज येते, आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं आणि शीर नीट सैल पडत नाही. मग ऑक्सिडेशन रोखणारं जीवनसत्त्व दिलं तर? 1996 साली केंब्रिजच्या एका अभ्यासात व्हिटॅमिन ईने आशाही दाखवली. पण 2002 साली ब्रिटनमधला मोठा निकाल आला. हार्ट प्रोटेक्शन स्टडीत 20,536 जण होते, हृदयविकार, मधुमेह अशी जोखीम असलेले. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं रोज 600 मिलिग्रॅम ई, 250 मिलिग्रॅम सी आणि 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते) दिलं. रक्तातलं जीवनसत्त्व वाढलं, हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. याच माणसांवर सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या 40 मिलिग्रॅम गोळीचीही चाचणी झाली, आणि तिने हार्ट ॲटॅक, पक्षाघातासारखे झटके सुमारे पाव हिश्शाने घटवले. म्हणजे लोक जी गोळी 'गरम पडते' म्हणून सोडतात तीच कामाची निघाली.

विडी ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनची डबी घरातच ठेवू नये. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 च्या निकालात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेल्या मिश्र कॅप्सूलमध्येही ते असू शकतं, म्हणून मागची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घ्या.

झडप बदललेल्यांना, म्हणजे वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना, मी ई सरळ नाकारतो. जास्त डोसने रक्त आणखी पातळ होतं. त्यांच्या घरी आणखी एक घोळ असतो: थंडीत मेथी-पालक स्वस्त झाली की रोज भाजी, एरवी महिनाभर नाही. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा असर कमी करतं, म्हणून असर वरखाली होतो. भाजी बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) वेळेवर करा.

काही गोळ्या चिठ्ठीबाहेरच्या वाटल्या तरी खऱ्या गरजेच्या असतात. रिपोर्ट पाहून दिलेलं बी-12, डी किंवा लोह चालू राहू द्या. लिव्हरवर चरबी आहे म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी ई दिलं असेल, तर ते हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. निर्णय त्या दोघांचा.

कॅप्सूलचे पैसे वाचले की बाजारात जा. पेरू, आवळा, लिंबू यांत सी भरपूर. मूठभर शेंगदाण्यांत ई आहे, तेही खारवलेले नको. वांग्याचं भरीत खुशाल खा, फोडणीचं तेल मोजून घाला. कळण्याची भाकरी उत्तम. शेवभाजीवरची तर्री आणि ताटातला पापड मात्र आवरा. आपल्याकडे भाकरीसोबत मिरचीचा ठेचा लागतोच, त्यात मीठ किती जातं हे घरातल्या बाईला विचारा, ती खरं सांगेल.

केळीबद्दल वेगळं सांगतो, कारण रावेर-यावलकडचे पाहुणे घडच्या घड आणून टाकतात. किडनी कमजोर असेल, किंवा रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी-हार्टची औषधं चालू असतील, तर केळ्यांमुळे रक्तात पोटॅशियम चढू शकतं. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनबरोबर (किडनीच्या तपासणीबरोबर) पोटॅशियमही बघायला सांगा आणि दिवसाला किती केळी चालतील ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.